थंडीत पहाटे ट्रक चालू होईना, पंप-नोझल काढण्याआधी काय काय तपासू?

निफाड_चौदाफुटी | १२ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची आहे, चौदा फुटी, सहा टायर, चार सिलेंडर टर्बो, बीएस-३, साधा इनलाइन पंप, बारा व्होल्टची एकच बॅटरी. वडिलांनी घेतलेली, ते गेल्यापासून मीच चालवतो. साडेचार लाख किलोमीटर झालेत, इंजिन एकदाच उघडलंय, २०१९ ला. द्राक्षाच्या सीझनला वाशी मार्केट, बाकी वेळ कांदा. सध्या लाल कांद्याचे दिवस आहेत त्यामुळे पहाटे पाचला निघावंच लागतं, नाहीतर लासलगावला मागं नंबर लागतो आणि सकाळच्या लिलावाचं गणित बिघडतं.

प्रॉब्लेम असा आहे की दिवाळीनंतर थंडी पडली तशी गाडी पहाटे चालूच होत नाही. चावी मारली की सेल्फ (स्टार्टर मोटर) फिरतो पण जड फिरतो, दमल्यासारखा, दहा सेकंद, मग थांबायचं, परत दहा सेकंद, असं सहा-सात वेळा केलं की पांढरा धूर यायला लागतो, मग एखादं सिलेंडर पकडतं, गाडी नुसती हलते, मग दुसरं पकडतं आणि दोन मिनिटं मिसिंग मारून मग सरळ होते. एकदा चालू झाली की दिवसभर नाव ठेवायला जागा नाही, अर्ध्या सेल्फला चालू, कसारा घाट लोड घेऊन चढते, एव्हरेज पण जुनंच आहे.

आत्तापर्यंत केलेलं: बॅटरी नवीन टाकली, दीड महिना झाला. सेल्फ उघडून बुश आणि कार्बन बदलले. डिझेल फिल्टर दोन्ही बदलले. फरक शून्य. आता मिस्त्री म्हणतो डिझेलचा पंप आणि नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारतात ते) काढून कॅलिब्रेशनला, म्हणजे मशीनवर तपासून सेटिंग करायला, द्यावं लागेल, सगळे मिळून २५-३० हजार. सीझन तोंडावर आहे, तेवढे पैसे घातले आणि परत हेच झालं तर मी काय करू. आज पहाटे आमच्याकडं ६ अंश होतं, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवल्यात लोकांनी, अजून जानेवारी यायचाय. परवा शेजारच्या दोन शेतकऱ्यांचा माल माझ्यामुळं उशिरा पोचला, ते काही बोलले नाहीत पण मलाच वाईट वाटलं. कृपया कुणाला अनुभव असेल तर सांगा.

ऊसवाला_शिरोळ | १२ डिसेंबर, रात्री १०:०५

नोझल गेलेत भाऊ. पांढरा धूर म्हणजे नोझल. आमच्या गाडीला हेच झालं होतं, नोझल बदलले आणि विषय संपला.

बॅटरीवाला_जुन्नर | १२ डिसेंबर, रात्री १०:२०

नोझलवर जायच्या आधी सांगा की सेल्फ जड फिरतो हे थंडीतच का दिवसाही. माझं बॅटरीचंच दुकान आहे, रोज हेच बघतो. बॅटरीच्या आतलं काम रासायनिक असतं आणि थंडीत ते मंदावतं, पारा शून्याजवळ गेला की चांगल्या बॅटरीची ताकदसुद्धा पाचव्या हिश्श्यानं कमी होते, त्यात इंजिनातलं ऑईल घट्ट झालेलं असतं म्हणून सेल्फला जास्त जोर लागतो, म्हणजे द्यायला कमी आणि मागणी जास्त. पण ६ अंश म्हणजे काही फार नाही, दीड महिन्याच्या बॅटरीला ते जड जायला नको. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मीटरवर बघा, १२.६ च्या आसपास असेल तर फुल आहे, १२.२ असेल तर अर्धीच आहे आणि मग डायनॅमो चार्जिंग करतोय का ते बघायचं, गाडी चालू असताना १३.८ ते १४.४ यायला पाहिजे. आणि ऑईल कुठलं आहे? २०-५० म्हणजे जाड ऑईल टाकलं असेल तर तेही एक कारण.

निफाड_चौदाफुटी | १२ डिसेंबर, रात्री १०:३५

ऑईल १५-४० आहे, सहा हजार किलोमीटर झालेत. सेल्फ फक्त पहाटेच जड, दिवसा टकाटक. मीटर आहे घरी, सकाळी बघून टाकतो. डायनॅमो चालू गाडीवर १४.१ दाखवतो, ते आत्ताच बघितलं.

लेहवारी | १२ डिसेंबर, रात्री ११:१०

राम राम. मी मूळचा खटावचा, अकरा वर्षं लाईनवर, त्यातली पाच वर्षं मनाली-लेह आणि श्रीनगर-कारगिल केलीत. तिकडची थंडी आणि आपली थंडी यात जमीन-अस्मानाचा फरक. तिकडं साधं डिझेल टाकीतच गोठतं, त्यातलं मेण सुटून फिल्टरमध्ये बसतं आणि डिझेल पुढं सरकतच न्हाय. त्यासाठीच इंडियन ऑइलनं २०१९ च्या नोव्हेंबरात लडाखसाठी हिवाळी डिझेल काढलं, उणे ३३ अंशापर्यंत वाहतं राहतं ते. त्याच्या आधी लोकं काय काय करायची ते डोळ्यानं बघितलंय, टाकीखाली स्टो लावायचे, कुणी चिंध्या पेटवायचे. एका गाडीचं सगळं वायरिंग आणि मागचा टायर जळालेला बघितलाय मी झोजिलाच्या अलीकडं, ड्रायव्हर वाचला हे नशीब.

निफाडला ६ अंशात डिझेल गोठत न्हाय. आपल्या देशात हिवाळ्यात जे डिझेल विकतात त्याला नियमच आहे की फिल्टर ६ अंशाच्या वर तुंबता कामा नये आणि डिझेल ३ अंशापर्यंत वाहतं पाहिजे. म्हणजे तुमचा पारा त्या रेषेवर आलाय पण पार न्हाय गेलेला, आणि फिल्टर नवीन आहे. म्हणून डिझेलला दोष देऊ नका, गाडीत शोधा.

एक विचारतो, रागावू नका. ड्रायव्हर किंवा तुम्ही गाडी पटकन पकडावी म्हणून पेट्रोलमध्ये भिजवलेला बोळा लावता का एअर क्लीनरच्या पाईपला?

निफाड_चौदाफुटी | १३ डिसेंबर, पहाटे ५:५०

खरं सांगायचं तर हो. परवा आणि काल लावला, मागच्या आठवड्यात पण दोनदा. लगेच पकडते त्यानं. मीटरचं: रात्रभर उभी, आत्ता १२.६ आहे. चालू व्हायला आज पाच सेल्फ लागले.

लेहवारी | १३ डिसेंबर, सकाळी ६:१५

दादा आजपासून बंद करा ते. हात जोडून सांगतो. पेट्रोल आत गेलं की ते डिझेलसारखं वेळेवर जळत न्हाय, पिस्टन अजून वर येत असताना मधेच भडकतं आणि वर येणाऱ्या पिस्टनला उलटा दणका बसतो. रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्या गाड्यांना हवेच्या पाईपात हिटर असतो तिथं तर पाईपातच स्फोट होतो. माझ्या ओळखीच्या पोराच्या हाताची कातडी गेलीये अशीच, बोळा हातात होता आणि इंजिननं उलटी आग फेकली. पाच सेल्फ लागू द्या, दहा लागू द्या, बोळा नको.

स्पॅनर_आणि_खडू | १३ डिसेंबर, सकाळी ८:३०

लेहवारी दादांशी शंभर टक्के सहमत. मी आयटीआयला मेकॅनिक डिझेल ट्रेड शिकवते, मुलांना पहिल्या महिन्यातच सांगते की बोळा लावून गाडी चालू झाली म्हणजे दुरुस्त झाली असं नाही, उलट दुखणं झाकलं गेलं.

निफाडकर भाऊ, तुमचं वर्णन वाचून मला वाटतं पंप-नोझलला हात लावायची घाई करू नका. आधी डिझेल इंजिनाला चालू व्हायला काय लागतं ते बघू. याच्यात प्लगची ठिणगी नसते, हवा १७-१८ पट दाबली की ती स्वतःच इतकी तापते की फवारलेलं डिझेल पेट घेतं. पण हवा तापायला ती पटकन दाबली गेली पाहिजे. सेल्फ हळू फिरला तर दाबलेल्या हवेची उष्णता गार सिलेंडरच्या भिंती खाऊन टाकतात आणि थोडी हवा रिंगांमधून निसटते. म्हणून थंडीत सेल्फचा स्पीड हीच पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट, पहिल्याच फेरीला पंपात डिझेल तयार पाहिजे, हवा नको. तिसरं कॉम्प्रेशन, चौथं नोझल. चौथ्यावर शेवटी जायचं कारण ते सगळ्यात महाग आहे.

धुराचं पण नीट ऐका. सेल्फ मारताना धूरच येत नसेल तर डिझेल पोचत नाही. पांढरा धूर आणि डोळ्याला झोंबणारा वास असेल तर डिझेल पोचतंय पण जळत नाही. पांढरा धूर गोडसर वासाचा आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट, तो वेगळा विषय. तुम्ही लिहिलंय की सहा-सात सेल्फनंतर पांढरा धूर यायला लागतो. म्हणजे पहिले चार-पाच सेल्फ धूर नसतो का? हे मला फार महत्त्वाचं वाटतंय. आणि अजून दोन प्रश्न: टाकी फुल असते तेव्हा आणि टाकी तळाला असते तेव्हा काही फरक पडतो का? गाडी उतारावर लावली तर?

ऊसवाला_शिरोळ | १३ डिसेंबर, सकाळी ९:००

ताई उताराचा काय संबंध? उतारावरून ढकलून चालू करायची म्हणता का?

स्पॅनर_आणि_खडू | १३ डिसेंबर, सकाळी ९:२०

नाही हो, ढकलायचं नाही. टाकीतल्या डिझेलची पातळी फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) वर आहे की खाली, हे बघायचंय. ते उत्तर देऊ देत, मग सांगते.

निफाड_चौदाफुटी | १३ डिसेंबर, दुपारी १:४५

ताई तुम्ही विचारलं म्हणून बायकोशी बोलून आठवून आठवून सगळं काढलं, तीच पहाटे टॉर्च धरून मागं उभी असते.

१. ती म्हणते पहिल्या तीन-चार सेल्फला धूर अजिबात नसतो. मी पुढं असतो त्यामुळं मला हे माहीतच नव्हतं.
२. टाकीचं कधी लक्ष दिलं नव्हतं पण मागच्या सोमवारी संध्याकाळी पिंपळगावला टाकी फुल केली होती आणि मंगळवारी पहाटे दोन सेल्फला चालू झाली होती. मला वाटलं त्या दिवशी थंडी कमी असेल.
३. मेहुण्याच्या मळ्यात गाडी लावतो तिथं तोंड खाली असतं, मागची बाजू वर. तिथं पण फार त्रास झाला नाही. आमच्या शेडमध्ये तोंड वर असतं.

हे वाचून अंगावर काटाच आला मला, काहीतरी आहे याच्यात.

स्पॅनर_आणि_खडू | १३ डिसेंबर, दुपारी २:३०

तुमच्या घरच्यांना नमस्कार सांगा, पंपवाल्याचे पैसे त्यांनी वाचवले असं दिसतंय. ऐका आता.

टाकी तुमच्या चेसिसला इंजिनाच्या मागं, बाजूला. गाडीचं तोंड वर असेल आणि टाकी अर्धी असेल तर टाकीतलं डिझेल फीड पंपाच्या खाली राहतं. रात्रभर पाईपात कुठूनतरी बारीक हवा शिरते आणि पाईपातलं डिझेल मागं टाकीत उतरतं. सकाळी पहिले तीन-चार सेल्फ हे ती हवा काढण्यातच जातात, तोवर धूर नाही. मग डिझेल येतं पण तोवर बॅटरी दमलेली, सेल्फ हळू, म्हणून पांढरा धूर. तोंड खाली असेल किंवा टाकी फुल असेल तर डिझेल मागं उतरतच नाही.

आता लोक म्हणतात गळती असती तर डिझेल ठिबकलं असतं. इथंच सगळे फसतात. टाकी ते फीड पंप ही ओढायची बाजू आहे. तिथं चीर असेल तर गाडी चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून पाईप एकदम कोरडा दिसतो. आणि थंडीत रबर कडक होतं, क्लिपखाली जो उन्हाळ्यात मऊ होऊन बसलेला असतो तोच पाईप थंडीत सैल पडतो. मे महिन्यात हेच पाईप काही त्रास देणार नाहीत.

पण तुमचा सेल्फ पहिल्यापासूनच जड फिरतो असं लिहिलंय, त्यामुळे मला दोन दुखणी वाटतात, एक नाही. दोन्ही वेगवेगळी तपासायची, एकदम सगळं बदलायचं नाही, नाहीतर नेमकं काय होतं ते कळणारच नाही.

आज संध्याकाळी सेल्फचं करा. मीटर डीसी व्होल्टवर. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाला दगड, स्टॉपची केबल ओढून धरायची म्हणजे गाडी चालू होणार नाही. एकानं पाच सेकंद सेल्फ मारायचा आणि दुसऱ्यानं वाचायचं:
आधी बॅटरीच्या दोन्ही खुंटांवर, वायरीच्या टर्मिनलवर नाही, शिशाच्या खुंटावरच. मग सेल्फच्या जाड बोल्टवर आणि सेल्फच्या बॉडीवर. मग बॅटरीचा प्लस खुंट ते सेल्फचा जाड बोल्ट. मग बॅटरीचा मायनस खुंट ते इंजिनाची उघडी धातूची जागा. चारही आकडे लिहून टाका इथं.

बॅटरीवाला_जुन्नर | १३ डिसेंबर, दुपारी ३:००

ताईंनी सांगितलेली टेस्ट एक नंबर. माझ्याकडं महिन्याला चार-पाच बॅटऱ्या अशा येतात की बॅटरीत काहीच दोष नसतो, गिऱ्हाईक नवीन घेऊन जातं आणि आठवड्यानं परत येतं. मी आता मीटर लावल्याशिवाय विकत नाही.

बीएस६_पिकअप | १३ डिसेंबर, दुपारी ४:१०

मधेच विचारतोय, माझी २०२१ ची बीएस-६ पिकअप आहे, महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी भरतो, तिला पण पहाटे एक-दोन सेल्फ जास्त लागतात. मी पण हे पाईप वगैरे सोडवून बघू का?

स्पॅनर_आणि_खडू | १३ डिसेंबर, दुपारी ४:३०

अजिबात नाही! तुमची गाडी कॉमन रेलची, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त प्रेशरच्या नळीतून डिझेल देणारी; तिचा इंजेक्टरकडचा पाईप कधीच सैल करायचा नाही, तिथं हजार-दीड हजार बारच्या वर प्रेशर असतं, कातडी फोडून डिझेल आत जातं, बोट कापावं लागलेली माणसं आहेत. तुमच्या डॅशबोर्डवर पिवळा गुंडाळीसारखा दिवा येतो ना चावी ऑन केली की, तो विझेपर्यंत थांबता का? थांबत नसाल तर आधी ते करून बघा. थांबूनही त्रास असेल तर हिटर प्लग तपासायला सांगा आणि स्कॅनर लावून घ्या.

बीएस६_पिकअप | १३ डिसेंबर, दुपारी ४:४०

नाही थांबत ताई, चावी एकदम फिरवतो. उद्यापासून थांबतो.

निफाड_चौदाफुटी | १३ डिसेंबर, रात्री ८:५०

आकडे:
बॅटरीच्या खुंटांवर सेल्फ मारताना १०.५
सेल्फवर ८.७
प्लस बाजू ०.४
मायनस बाजू १.४

पुतण्या सेल्फ मारत होता, मी वाचत होतो, तीन-तीनदा घेतले, तेच येतात.

बॅटरीवाला_जुन्नर | १३ डिसेंबर, रात्री ९:०५

सापडलं! बॅटरी उत्तम आहे तुमची, १०.५ म्हणजे तक्रारच नाही. पण वाटेत १.८ व्होल्ट गायब होतात आणि त्यातले १.४ एकट्या अर्थिंगला. मायनस बाजूला ०.२-०.३ च्या वर जायला नको. गिअरबॉक्स ते चेसिसची विणलेली पट्टी आणि बॅटरी ते चेसिसची वायर, दोन्ही बघा.

निफाड_चौदाफुटी | १३ डिसेंबर, रात्री ९:१५

एक आठवलं. ऑगस्टमध्ये क्लचप्लेट टाकली तेव्हा गिअरबॉक्स खाली उतरवला होता, ती पट्टी तेव्हा काढलीच असणार. उद्या खाली झोपून बघतो.

निफाड_चौदाफुटी | १४ डिसेंबर, संध्याकाळी ६:३०

पट्टी निम्म्याहून जास्त तुटलेली, तारा हिरव्या पडलेल्या, आणि चेसिसच्या बाजूला बोल्टखाली पेंट तसाच. म्हणजे चार महिने सेल्फचा सगळा करंट त्या चार तारांतून आणि क्लचच्या केबलीतून वगैरे जात होता की काय. नवीन पट्टी ४५० ची आणली, दोन्ही बाजू पॉलिशपेपरनं चकचकीत घासल्या, नवीन बोल्ट, वरून ग्रीस. आता मायनस बाजूला ०.२ आणि सेल्फवर ९.७. आवाजच बदलला सेल्फचा, आधी "उंऽऽ उंऽऽ" करायचा आता सलग फिरतो. उद्या पहाटेचं बघू.

कॅलगरीचा_मराठी | १४ डिसेंबर, रात्री ७:४०

मस्त चाललाय धागा, राहवलं नाही म्हणून लिहितो. मी मूळ संगमनेरचा, इथं कॅनडात आठ वर्षं ट्रक चालवतोय. आमच्याकडं उणे ३० ही नेहमीची गोष्ट, इंजिनाच्या पाण्यात एक हिटर बसवलेला असतो आणि रात्री घरच्या सॉकेटला गाडीची वायर लावून झोपायचं. बंपरमधून लोंबणारी वायर बघून पहिल्यांदा मला कळेना हे काय. पंपावरच हिवाळ्यात वेगळं डिझेल येतं, आपल्याला काही करावं लागत नाही. एक्झॉस्टसाठी जे युरियाचं पाणी लागतं ते उणे ११ ला गोठतं, त्याच्या टाकीलाही गरम करायची सोय असते. पण सांगायचं कारण असं की एवढं सगळं असूनही ज्या गाड्या बंद पडतात त्यांत बॅटरीच्या वायरीची गंजलेली टोकं हे कारण मी सर्रास बघतो. इथं रस्त्यावर मीठ टाकतात त्यानं अर्थिंग खाऊन टाकतं.

निफाड_चौदाफुटी | १५ डिसेंबर, पहाटे ५:३५

आज ५ अंश. मुद्दाम तोंड वर करून आणि टाकी पाव ठेवून लावली होती. तीन सेल्फ लागले. सेल्फ झकास फिरतो, पहिल्या दोनला धूर नाही, तिसऱ्याला पांढरा धूर आला आणि लगेच पकडली. मिसिंग अर्धा मिनिट. म्हणजे ताई म्हणतात ते दुसरं दुखणं आहेच.

स्पॅनर_आणि_खडू | १५ डिसेंबर, सकाळी ८:१५

छान. आता उद्या पहाटे चावीला हात लावायच्या आधी फीड पंपावरचा हातानं दाबायचा हँडपंप मारा आणि मोजा, कितव्याला कडक होतो. पाईप भरलेला असेल तर चार-पाचला कडक होतो. वीस-पंचवीस लागले तर पाईप रिकामा आहे. कडक झाला की मग सेल्फ मारा.

त्याच्यानंतर डब्याची टेस्ट. पाच लिटरचा स्वच्छ डबा घ्या, त्यात डिझेल, तो फीड पंपाच्या वर केबिनच्या मागं घट्ट बांधा, सायलेन्सर आणि टर्बोपासून लांब. फीड पंपाचा ओढायचा पाईप टाकीकडून सोडवून नवीन पाईपनं थेट डब्याला. हँडपंप मारून हवा काढा, एकदा गाडी चालू करून बंद करा आणि रात्रभर सोडा. सकाळी एका सेल्फला चालू झाली तर चोर टाकी ते फीड पंप यांच्यामध्येच आहे. नाही झाली तर पुढच्या बाजूला शोधू. असं डबा बांधून रस्त्यावर मात्र जायचं नाही.

ऊसवाला_शिरोळ | १५ डिसेंबर, सकाळी ८:५०

मी सुरवातीला नोझल म्हणालो होतो ते मागं घेतो. आज माझ्याच गाडीची मायनस बाजू मोजली, ०.९ आली. नोझल बदलल्यावर बरं वाटलं होतं ते मार्चमध्ये, तेव्हा थंडीच संपली होती. कारखाना चालू आहे, रात्री फडातून निघायचं असतं, आजच पट्टी बदलून घेतो.

निफाड_चौदाफुटी | १६ डिसेंबर, पहाटे ५:४५

हँडपंप २८ ला कडक झाला. नंतर एका सेल्फला चालू. मी आणि बायको एकमेकांकडं बघत राहिलो.

लेहवारी | १६ डिसेंबर, सकाळी ७:००

वा वा! पण रोज अठ्ठावीस वेळा मारत बसू नका, हवा कुठनं येते ते काढाच. कारण आज पाईपात रात्री हवा शिरते, उद्या ती चीर वाढली की चालत्या गाडीत एअर धरणार, आणि ते कसारा घाटात लोड असताना झालं तर इंजिन बंद, पॉवर स्टेअरिंग दगड, ब्रेकची हवा भरायची बंद. रात्री घाटात मधोमध उभं राहणं काय असतं ते मी भोगलंय. मागून येणाऱ्याला दिसत न्हाय आपण.

निफाड_चौदाफुटी | १७ डिसेंबर, रात्री ९:२०

दादा तुमचं वाचून कालची वाशीची फेरी रद्द केली, दुसऱ्याच्या गाडीनं माल पाठवला. रात्री डब्याची टेस्ट लावली, आज पहाटे एका सेल्फला गाडी चालू. मग दिवसभर टाकीपासून एकेक जॉइंट सोडवत आलो. टाकीतला ओढायचा नळ चांगला. चेसिसवरचा लोखंडी पाईप चांगला. त्याच्यापुढं फीड पंपापर्यंत दीड हाताचा रबरी पाईप आहे, वरून बघितला तर काही नाही, पण क्लिप काढून वाकवला तर क्लिपच्या बरोबर खाली चार-पाच चिरा, नखानं उघडतात. आणि डिझेलमधलं पाणी वेगळं करायच्या वाटीच्या बँजो बोल्टचा (आतून डिझेल जाणारा पोकळ बोल्ट) तांब्याचा वॉशर दाबून दाबून कागदासारखा झालेला, मीच प्रत्येक वेळी फिल्टर बदलताना तोच परत लावत होतो.

डिझेलचा चांगला पाईप दीड मीटर, दोन नवीन क्लिप, सहा वॉशर, सगळे ३८० रुपये. फीड पंपाच्या तोंडाशी वितभर पारदर्शक पाईप टाकून गाडी चालू ठेवली अर्धा तास, एकही बुडबुडा नाही. मग तो काढून रबरी पाईप बसवला.

स्पॅनर_आणि_खडू | १७ डिसेंबर, रात्री ९:५०

पारदर्शक पाईप काढलात हे बरं केलंत, तो उष्णतेनं आणि डिझेलनं कडक होऊन तडकतो, फक्त बघण्यापुरताच. तांब्याचे वॉशर एकदाच वापरायचे, अगदी अडचण असेल तर लालबुंद तापवून पाण्यात बुडवले की मऊ होतात आणि एकदा चालून जातात, पण पाच रुपयांची वस्तू आहे, चार-सहा गाडीत ठेवाच. तो जुना पाईप टाकू नका, शक्य असेल तर मला पाठवा, वर्गात मुलांना दाखवायचाय. क्लिपखालची चीर फळ्यावर काढून कळत नाही.

निफाड_चौदाफुटी | १९ डिसेंबर, पहाटे ५:२०

दोन दिवस थांबून मगच लिहायचं ठरवलं होतं. काल ५ अंश, आज बागेतल्या थर्मामीटरवर साडेचार. दोन्ही दिवस तोंड वर, टाकी पावाच्या खाली, हँडपंपाला हात नाही, पेट्रोल नाही. काल एक पूर्ण सेल्फ. आज अर्धा. धूर थोडा येतो पांढरा, मिनिटभरात साफ होतो. बायको आज टॉर्च घेऊन बाहेर आलीच नाही, आतूनच आवाज ऐकला म्हणाली.

एकूण खर्च ८३० रुपये. मिस्त्रींना पण मीटर लावून दाखवलं, त्यांनी आकडे लिहून घेतले आणि त्यांच्याकडं उभ्या असलेल्या अजून एका गाडीला लावणार म्हणाले. ताई, पाईप कुरियर करतो, पत्ता व्यक्तिगत निरोपात द्या. नोझलचं काय करू आता, ठेवू का तसेच?

स्पॅनर_आणि_खडू | १९ डिसेंबर, सकाळी ८:००

साडेचार लाख झालेत तर द्राक्षाचा सीझन संपला की फक्त नोझल काढून टेस्टरवर फवारा आणि प्रेशर बघून घ्या, पंपाला हात नको. त्याच दिवशी टॅपेटचं (व्हॉल्व्हच्या फटीचं) सेटिंग. मिनिटभराचा धूर एवढ्या थंडीत चालतो. लोडमध्ये काळा धूर किंवा एव्हरेज कमी झालं तर मात्र सीझनची वाट बघू नका.

निफाड_चौदाफुटी | १९ डिसेंबर, सकाळी ८:१०

लासलगावच्या गेटवर आहे ताई, नंबर अकरावा लागलाय. रात्री निवांत लिहितो.